वाटणीपत्रातला धर्म

वाटणीपत्राचा पहिला परिच्छेद मला डोळे मिटून लिहिता येतो. अमुक गावचे अमुक, हिंदू अविभक्त कुटुंबाचे कर्ते; त्यांची मुलं अमुक आणि अमुक; खाली लिहिलेली मिळकत वाडवडिलांपासून चालत आलेली; आजवर सगळ्यांनी मिळून वहिवाटली; आता एकत्र राहणं जमेना म्हणून पंचांसमक्ष, राजीखुशीनं वाटणी करून घेत आहोत. पुढे सर्व्हे नंबर, एकर, गुंठे, चतुःसीमा, विहिरीच्या पाण्याची पाळी, बांधावरचा आंबा कुणाचा. बीदर जिल्ह्यातल्या हुलसूर आणि कल्याणच्या आसपासच्या खेड्यांतल्या लोकांचे असे कागद लिहिण्यात माझी उमर गेली. वडीलही हाच धंदा करायचे. ते निजामाच्या अमलात उर्दूत लिहीत. वाडवडिलांच्या मिळकतीला ‘जद्दी’ म्हणत आणि वाटणीच्या कागदाला ‘तकसीमनामा’. मी कन्नडमध्ये लिहिलं आणि पक्षकाराला मराठीत वाचून दाखवलं. राज्यं बदलली, छापाचा कागद बदलला, टाक जाऊन संगणक आला. पहिल्या परिच्छेदाच्या पोटातला विचार मात्र जागचा हलला नाही.

विचार असा, की पोरगा जन्मला त्याच क्षणी वाडवडिलांच्या जमिनीत बापाच्या बरोबरीचा धनी झाला. त्याला बापाच्या मरणाची वाट बघावी लागत नाही. बाप कर्ता आहे, सांभाळणारा आहे. एकटा मालक नाही. हे आमच्याकडे इतकं मुरलंय की अंगठा उठवणारा शेतकरीसुद्धा जमीन विकायला येताना दोन्ही पोरांना गाडीवर मागे बसवून आणतो. त्यांच्या सह्या नसल्या तर घेणारा पैसे मोजत नाही. हा नियम कुणी केला, असं विचारलं तर तो म्हणतो, “पहिल्यापासून आहे की!” ते खोटं नाही. पण या नियमाची पुरती बाजू मांडून, विरुद्ध मतांना उत्तरं देऊन तो एका ग्रंथात पक्का बसवला गेला, तो आमच्या शेजारी कल्याणला. हुलसूरच्या स्टँडवरून बस धरली तर तासाच्या आत तिथे पोचता येतं.

घरातली पुण्याला नोकरी करणारी पोरं सुट्टीत आली की अंगणात गप्पा निघतात आणि कुणीतरी विचारतंच, “आबा, हिंदू धर्म म्हणजे नेमकं काय हो? काढला कुणी? पुस्तक कुठलं?” हाफिसात त्यांना कुणीतरी विचारलेलं असतं आणि उत्तर देता आलेलं नसतं. मी म्हणतो, काढणारा कुणी एक नाही. ऋग्वेदातली सूक्तं तीन हजार वर्षांहून जुनी आहेत. पुढे यज्ञाचे ग्रंथ झाले, मग उपनिषदं. केलेलं कर्म फळल्याशिवाय राहत नाही, माणूस पुन्हा पुन्हा जन्मतो आणि त्या फेऱ्यातून सुटणं म्हणजे मोक्ष, ही समजूत तिथून घट्ट झाली. बुद्ध आणि महावीर यांनी यज्ञाला आणि जन्माच्या श्रेष्ठपणाला धक्का दिला. त्या धक्क्यानंतर रामायण, महाभारत, पुराणं, देवळं आणि भक्ती यांनी घर पुन्हा उभं केलं. गावोगावच्या आया-भवान्या, बिरोबा, खंडोबा, मारुती तर आधीपासून बसलेलेच होते. एवढं शाळेच्या पुस्तकातही सापडतं. माझं काम कागदाचं, त्यामुळे मला हा धर्म दिसला तो वाटणीपत्रातून, आणि मला वाटतं तिथून तो जास्त स्पष्ट दिसतो.

कारण या धर्मात माणूस ऋण घेऊनच जन्मतो. देवांचं ऋण, ऋषींचं ऋण आणि पितरांचं ऋण. पहिली दोन आमच्या खेड्यात फारशी कुणाला ठाऊक नाहीत. तिसरं सगळ्यांना ठाऊक आहे. भाद्रपदात पितर घातले नाहीत तर म्हातारीला झोप लागत नाही. बाप, आजा आणि पणजा या तिघांना पिंड द्यायचे. वाटणीच्या कायद्यातही जन्मानं धनी होणाऱ्यांची मोजणी वरच्या पुरुषापासून खाली तीन पिढ्यांपर्यंतच चालते. ज्या तिघांना पाणी द्यायचं त्यांच्याकडूनच जमीन यायची. देवळात न जाणारा माणूस आमच्याकडे चालतो, देव न मानणाराही चालतो. पण भाऊबंदांत कोण कुणाचं सुतक धरतो आणि कोण कुणाच्या बांधाचा वारस, हा हिशेब चुकवून चालत नाही.

हा हिशेब ज्यानं मांडला तो विज्ञानेश्वर. अकराव्या शतकात सोमेश्वर पहिला या चालुक्य राजानं राजधानी मान्यखेटहून, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडहून, कल्याणला हलवली. त्याचा मुलगा सहावा विक्रमादित्य 1076 मध्ये गादीवर बसला आणि 1126 पर्यंत राहिला. त्यानं स्वतःच्या नावाचा शक सुरू केला. काश्मीरचा कवी बिल्हण त्याच्या दरबारी आला आणि राजाचं चरित्र लिहून गेला. हुमनाबादजवळ जलसंगवीच्या महादेवाच्या देवळावर त्या काळचं एक शिल्प आहे: पाठमोरी झुकलेली बाई दगडावर अक्षरं कोरते आहे, आणि कोरलेला मजकूर विक्रमादित्याच्या स्तुतीचा आहे. तिकडे गेलेले लोक तिच्या कमरेचे फोटो काढतात. मी तिचा हात बघत बसतो. लेखणी धरायची पद्धत बरोबर आहे.

विज्ञानेश्वर पद्मनाभभट्टांचा मुलगा, भारद्वाज गोत्राचा, पुढे संन्यास घेतलेला. कलबुर्गी जिल्ह्यातलं मरतूर हे त्याचं गाव म्हणून सांगतात आणि तिथे त्याच्या नावाचं भवनही उभं आहे. संन्याशानं वाटणीवर ग्रंथ लिहावा, याची मला फार गंमत वाटते. ज्याला स्वतःला गुंठाभर जमीन नको होती, त्यानं भावाभावांत ती कशी तुटावी ते ठरवलं. त्याचा ग्रंथ म्हणजे याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका, मिताक्षरा. आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन भाग. शेवटी त्यानं लिहून ठेवलंय की कल्याणसारखं नगर, विक्रमासारखा राजा आणि विज्ञानेश्वरासारखा पंडित पृथ्वीवर झाला नाही आणि होणारही नाही. संन्यास घेतला तरी एवढं राहतंच.

या ग्रंथातला जो वाद मला सर्वांत आवडतो, तो सीमाभागाचा आहे. मालकी येते कुठून, असा प्रश्न आहे. एक मत असं होतं की मालकी शास्त्रानं दिली म्हणून आहे. शास्त्रात बसेल तेवढंच आपलं. विज्ञानेश्वर म्हणतो, नाही. मालकी ही लोकव्यवहारातली गोष्ट आहे. त्याचा दाखला काय? तर देशाच्या कडेला राहणारे लोक, ज्यांनी शास्त्राचं तोंडही पाहिलेलं नाही, तेही आपापसांत विकतात, विकत घेतात, हे माझं हे तुझं म्हणतात. म्हणजे मालकी शास्त्राच्या आधीची आहे. कडेला राहणाऱ्या, शास्त्र न पाहिलेल्या लोकांना साक्षीला उभं करून शास्त्राचाच ग्रंथ लिहिणारा हा माणूस मला धंद्यातला वाटतो. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर बसलेले बहुतेक पक्षकार हेच होते.

त्याचा दुसरा निकालही असाच. जुन्या शास्त्रात थोरल्या भावाला जास्त हिस्सा सांगितला आहे. विज्ञानेश्वर तो वचनात आहे हे मान्य करतो आणि तरी देऊ नका म्हणतो, कारण लोकांना तो रुचत नाही. शास्त्रात बसणारी गोष्टही लोकांना नकोशी झाली असेल तर करू नये, असं याज्ञवल्क्यानंच सांगितलेलं आहे, त्याचा आधार तो घेतो. सख्खे भाऊ म्हणजे समान हिस्से. आमच्याकडे अजूनही एखादा थोरला “बापामागं मी संसार ओढला” म्हणून चार गुंठे जास्त मागतो, आणि धाकटे खाली बघत राहतात. तेव्हा मी म्हणायचो, हा वाद नऊशे वर्षांपूर्वी कल्याणला मिटलाय, चहा प्या.

जमीन हातातून हातात कशी जावी, याबद्दलचं एक जुनं वचनही तो उलगडून सांगतो. त्यात सहा गोष्टी लागतात: गावाची, भावकीची, शेजाऱ्यांची आणि वारसांची संमती, आणि सोन्यासह पाणी सोडणं. गावाची संमती कशाला? तर व्यवहार उघड व्हावा म्हणून. शेजाऱ्यांची कशाला? तर पुढे बांधावरून भांडण होऊ नये म्हणून. आणि पाणी अशासाठी, की जमीन विकणं हे शास्त्राला पसंत नव्हतं, दान चालत होतं. म्हणून विक्रीला दानाचं रूप द्यायचं. आजच्या खरेदीखतात पाणी सोडत नाहीत. पण पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक अशी चतुःसीमा लिहिल्याशिवाय दस्त पुढे सरकत नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि वारसाची सही नसली तर काय होतं ते वर सांगितलंच.

आता पिंडाची गोष्ट. नातं ठरतं कशावरून? बंगालमध्ये जीमूतवाहन नावाचा पंडित होऊन गेला. त्याचा दायभाग हा ग्रंथ तिकडे चालला. त्याचं म्हणणं, मेलेल्याला पिंड देऊन जो जास्त उपकार करतो तो जवळचा वारस. शिवाय बाप जिवंत असेपर्यंत मुलाचा हक्क नाही. विज्ञानेश्वराचं म्हणणं वेगळं. सपिंड म्हणजे एकाच शरीराचे अंश असलेले. मुलात बापाचं शरीर, बापातून आज्याचं. तसंच आईतून आईच्या बापाचं. श्राद्धातल्या भाताच्या गोळ्यापेक्षा रक्तामांसाला त्यानं वजन दिलं. त्यामुळे त्याच्या वारसांच्या क्रमात आई बापाच्या आधी येते. बाप सवतीच्या मुलांचाही असू शकतो, आई तशी नसते; म्हणून ती जास्त जवळची. मुलगा नसलेल्या, वेगळ्या राहणाऱ्या माणसाची जमीन त्याच्या बायकोकडे जावी, हेही तो जोर लावून सांगतो. स्त्रीधन म्हणजे लग्नात मिळालेले दागिने एवढंच न धरता वारशानं आलेलं, विकत घेतलेलं, वाटणीत मिळालेलं सगळं त्यानं त्यात धरलं. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सर्वांत वरच्या कोर्टानं, ते आक्रसून टाकलं, हा भाग आमच्या बायकांना कुणी सांगितला नाही.

सपिंडाचा नियम लग्नालाही लागतो. बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्यांत लग्न नको. हे कल्याणला लिहिलं जात होतं तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं? मामाच्या पोरीशी लग्न! दक्षिणेत अशी चाल आहे, हे बौधायन या जुन्या शास्त्रकारानं त्याच्याही कितीतरी आधी नोंदवून ठेवलंय. आजही आमच्या भागातल्या मराठी घरात मामाची मुलगी ही पहिली मागणी असते, आणि कन्नड-तेलुगू घरांतून तर खुद्द मामाच भाचीला करतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांची बंदी ठेवली आणि लगेच पुढे जोडलं की रिवाज असेल तर चालेल. त्या एका पळवाटेत अर्धा दक्षिण हिंदुस्थान नांदतो आहे.

ग्रंथ आणि रिवाज यांची ही ओढाताण समजली नाही तर हा धर्म समजत नाही, असं माझं मत आहे. ब्राह्मणाच्या पोथीत एक, बांधावर दुसरं, आणि पोथी लिहिणाराही शेवटी बांधाकडे बघून लिहितो. याची पंचाईत इंग्रजांना झाली. 1772 मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं ठरवलं की वारसा, लग्न, जात यांत मुसलमानांना कुराण लावायचं आणि हिंदूंना शास्त्र. आता शास्त्र कुठलं? पंडितांना विचारून भागेना. मग कोलब्रुक या इंग्रज अधिकाऱ्यानं 1810 मध्ये दायभाग आणि मिताक्षरेचा वारशापुरता भाग इंग्रजीत आणला. तेवढं पुस्तक न्यायाधीशांच्या टेबलावर आलं. आचार आणि प्रायश्चित्त बाहेर राहिले. बंगाल-आसामला दायभाग, बाकी बहुतेक देशाला मिताक्षरा. मुंबई इलाख्यात तिच्या जोडीला नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख. त्यांचं घराणं मूळचं पैठणचं, काशीला स्थायिक झालेलं. कल्याणच्या राजधानीचं पुढे गावठाण झालं, चालुक्यांचं नाव गावकरी विसरले, आणि पाटण्याचा की लाहोरचा वकील मात्र विज्ञानेश्वराचं वचन वाचून खटला जिंकत राहिला. 1868 मध्ये मदुरेच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलला कबूल करावं लागलं की रिवाज नीट शाबीत झाला तर तो ग्रंथाच्या वचनावर मात करतो. विज्ञानेश्वराला हे सांगायला लंडनला जावं लागलं नसतं. या साऱ्या धर्मशास्त्राचा पसारा ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पां. वा. काण्यांचे पाच खंड उघडावेत; पहिला 1930 मध्ये निघाला, शेवटचा 1962 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं.

एवढं वाचून कल्याण म्हणजे पंडितांचं गाव असं कुणाला वाटलं तर त्यानं आज तिथे जाऊन पाहावं. विज्ञानेश्वराचा पत्ता विचारला तर रिक्षावाला गोंधळतो. गावाचं नाव 1956 पासून बसवकल्याण आहे.

मिताक्षरेनंतर पन्नास वर्षंही झाली नसतील. चालुक्यांची सत्ता ढिली पडली, कलचुरी बिज्जळानं गादी बळकावली, आणि त्याच्या दरबारातल्या बसवण्णांनी त्याच नगरात जन्माच्या हिशेबालाच हात घातला. अनुभवमंटपात, म्हणजे त्यांच्या वाटेनं जाणाऱ्या शरणांच्या सभेत, अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली चांभार, परीट, नावाडी, दोरखंड वळणारा, राजवाडा सोडून आलेली अक्कमहादेवी, सगळे एका सतरंजीवर बसून बोलू लागले. बोलले ते कन्नडमध्ये, संस्कृतात नाही. गळ्यात इष्टलिंग आलं की देऊळ नको, भटजी नको, सुतक नको, श्राद्ध नको. मेलेल्याला जाळायचं नाही. हातात लिंग देऊन बसवून पुरायचं. तो शिवाला मिळाला, त्याला पिंड कशाला? कायक म्हणजे आपलं काम हीच पूजा आणि दासोह म्हणजे मिळालेलं वाटून खाणं. पुढे चांभार हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी लागलं आणि कल्याण पेटलं. दोघा व्याह्यांना मारलं गेलं, शरण परागंदा झाले, बिज्जळाचाही खून झाला. साल 1167 च्या आसपासचं.

आमच्या हुलसुरात गुरु बसवेश्वर संस्थान मठ आहे, आणि गावात बसवण्णांना मानणाऱ्या लिंगायतांची घरं भरपूर. त्यातली कितीतरी घरी मराठी बोलणारी. लिंगायत संत मन्मथस्वामींचा परमरहस्य हा ग्रंथ मराठीत आहे. त्याची पारायणं लातूर-बीदरच्या खेड्यांत होतात आणि दिंड्या बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला जातात. म्हणजे बसवण्णांचा विचार कन्नडमधून निघून मराठीत स्थिरावला, आणि मधल्या वाटेवर त्यात विठोबाच्या दिंडीची चालही मिसळली. या मंडळींची वाटणीपत्रं मी लिहिली. गमतीची गोष्ट अशी, की पिंड न मानणाऱ्यांच्या दस्तातही पहिला परिच्छेद तोच: हिंदू अविभक्त कुटुंबाचे कर्ते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या दुसऱ्या कलमात वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो समाज, प्रार्थना समाज, आर्य समाज हे सगळे हिंदूंत धरले आहेत. बौद्ध, जैन, शीख यांनाही हा कायदा लागू आहे. आणि शेवटी, जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही तोही यातच. कायद्याला हिंदू कोण ते सांगायचं होतं आणि त्यानं कोण नाही याची यादी दिली. मला तरी याहून चांगली व्याख्या सुचत नाही.

कोर्टानं एकदा प्रयत्न केला होता. स्वामीनारायण पंथाच्या लोकांनी आम्ही हिंदू नाही, सबब हरिजनांना आमच्या मंदिरात प्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही, असा दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी 1966 मध्ये लागला. लिहिला तो साताऱ्यात जन्मलेल्या गजेंद्रगडकरांनी, ज्यांचं आडनाव कर्नाटकातल्या गजेंद्रगडचं. त्यांनी टिळकांची व्याख्या हाताशी धरली: वेदांना प्रमाण मानणं, मोक्षाच्या वाटा अनेक आहेत हे मानणं आणि उपास्य देव एकच नाही हे मानणं. दावा फेटाळला गेला. पण टिळकांच्या व्याख्येत बसवण्णा पहिल्याच पायरीवर अडकतात. जुलै 2017 मध्ये बीदरला लिंगायतांचा प्रचंड मेळावा झाला: आमचा धर्म स्वतंत्र आहे. मार्च 2018 मध्ये कर्नाटक सरकारनं तशी शिफारस केली. केंद्रानं ती मान्य केली नाही. वीरशैव म्हणवणारे काही जण म्हणतात आम्ही हिंदूच. माझ्याकडे दोन्ही बाजूंचे पक्षकार आले. एका घरातले दोन भाऊ दोन बाजूंचे होते. त्यांच्या विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लिहिताना त्याचा काही फरक पडला नाही.

आमचा मुलूखच असा आहे की कागदावरचे रकाने अपुरे पडतात. बीदरजवळ अष्टूरला अहमदशाह वली बहमनीचा मकबरा आहे. तो 1436 मध्ये वारला. त्याचा उरूस होळीच्या सुमाराला, हिंदू पंचांगानं भरतो आणि त्यात मान असतो तो माडियाळच्या जंगमाचा. कल्याणजवळ लाडवंतीला जन्मलेले माणिकप्रभू (1817 ते 1865) यांनी हुमनाबादशेजारी जो संप्रदाय उभा केला त्याचं नावच सकलमत. यांना कुठल्या रकान्यात घालणार?

आता लेकींकडे येतो, कारण सगळा हिशेब शेवटी तिथेच अडकतो. आईला बापाच्या आधी धरणाऱ्या विज्ञानेश्वरानं जन्मानं येणारा हक्क मुलांनाच दिला. बिनलग्नाच्या बहिणीला भावांनी आपल्या वाट्यातून चौथाई द्यावी असं तो म्हणतो, पण भाऊ ते वाचून विसरले. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात हा जन्मसिद्ध हक्कच काढून टाकून दायभागाच्या धर्तीवर सगळ्या देशाला एक कायदा करायचं ठरवलं होतं. मनुस्मृतीवर ते बोलले ते सगळ्यांना ठाऊक आहे. कल्याणच्या ग्रंथालाही ते पेन्शनीत काढणार होते, हे कमी जणांना ठाऊक आहे. बिल अडवलं गेलं आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. 1956 च्या कायद्यानं मुलीला बापाच्या वाट्यात वाटा दिला. अविभक्त कुटुंबात जन्मानं धनी होणं मात्र पोरांकडेच राहिलं.

पुढचं आमच्या सरहद्दीनं ठरवलं. निजामाच्या काळचा बीदर जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 ला तीन राज्यांत तुटला. निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आंध्रात आणि आम्ही म्हैसुरात. सोयरीक कुठलीच तुटली नाही. मुली इकडून तिकडे जातच राहिल्या. आंध्रानं मुलीला जन्मसिद्ध हक्क 5 सप्टेंबर 1985 पासून दिला. महाराष्ट्रानं 22 जून 1994 ला, कर्नाटकानं 30 जुलै 1994 ला. तिन्हीकडे अट एकच: त्या दिवसाच्या आधी लग्न झालेलं नसावं. म्हणजे 1990 मध्ये लग्न होऊन सासरी गेलेल्या दोन मावसबहिणींतली नारायणखेडची लेक धनी होती आणि हुलसूरची नव्हती. जुना नकाशा असता तर दोघी एकाच जिल्ह्यातल्या. देशभर हा हक्क 9 सप्टेंबर 2005 पासून आला, लग्नाची अट गेली. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं आणखी साफ केलं: 2005 च्या त्या तारखेला बाप जिवंत असायलाच हवा असं नाही, मुलगी जन्मानंच हक्कदार.

कायदा एवढा पुढे आला, आणि माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त लिहिला गेलेला कागद वाटणीपत्र राहिला नाही, हक्कसोडपत्र झाला. बहिणी सासरहून येतात, स्टँडवर भाऊ न्यायला जातो, हॉटेलात भजी होतात, मग सही. “तुला दिवाळीला साडी-चोळी आहेच की.” बहीण मान हलवते, कारण नाही म्हटलं तर माहेरचा उंबरा बंद. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, भाऊबंद शेतात कडब्याची कोप करतात, पाच पांडवांपुढे भज्जी, आंबील, उंडे मांडतात, वेगळ्या चुलीचे चुलतेही एका पंगतीत बसतात. तिथे बहिणीला आग्रहानं बोलावतात. त्याच शेताच्या उताऱ्यात तिचं नाव नको असतं. विज्ञानेश्वर आज असता तर त्यानं काय लिहिलं असतं? मला वाटतं, लोकांना काय रुचतं ते पाहिलं असतं आणि मग घोटाळ्यात पडला असता. कारण भावांना जे रुचतं ते बहिणींना रुचत नाही, आणि त्याच्या काळी लोक म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी आता लिहीत नाही, पण लोक अजून सल्ला विचारायला येतात. बहिणींना माझं सांगणं एवढंच असतं: कागद पुढे आला की घरी नेऊन कुणाकडून तरी वाचून घ्या आणि मगच सही करा. आणि “आमची वाटणी तोंडी कधीच झाली आहे” असं भाऊ म्हणाला तर घाबरू नका. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर झालेला दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या तोंडी वाटणीवर कोर्ट सहसा विश्वास ठेवत नाही.